उठला तर सुई काढायची

किडन्या निकामी होत चाललेल्या, रस्त्यावरून घरात आलेल्या कुत्र्याला किती काळ सांभाळायचं आणि कुठे थांबायचं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक मावशीचं. ती सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली आणि चिपळूणला राहते. दुसरं माझ्या धाकट्या भावाचं. तो सरकारी पशुवैद्य आहे आणि त्याचे बहुतेक दिवस गाईम्हशींच्या गोठ्यांत जातात. कुत्र्याचं नाव खंड्या. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर गाळ उपसताना तो मावशीच्या जिन्याखाली सापडला. अंगात ताप होता, डोळे पिवळे होते, लघवी गडद तपकिरी होती. तेव्हा तो वाचला. आता पाणी फार पितो, वजन उतरलंय, तोंडाला उग्र वास येतो आणि रक्तातलं क्रिएटिनिन ४.६ आहे.

या दोघांचं बोलणं मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे. खाली दिलेलं एका बैठकीतलं आहे. थोडं छाटलं आहे आणि जिथे मला राहवलं नाही तिथे मध्ये बोलले आहे.

भाऊ: मावशी, आधी आकड्याचा अर्थ सांगतो. 'आयरिस' नावाची मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या कोष्टकात क्रिएटिनिन २.९ ते ५च्या दरम्यान असलं की तिसरा टप्पा. पाचाच्या वर गेलं की चौथा, शेवटचा. आणि क्रिएटिनिन वाढायला लागतं तेच मुळी किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडल्यावर. खंड्याकडे पावभरही उरलेलं नाही, आणि गेलेलं परत येत नाही.

मावशी: वॉर्डात आयुष्य गेलं माझं. पावभर किडनीवर वर्षं काढलेली माणसं पाहिली आहेत मी.

भाऊ: त्यांतली किती डायलिसिसवर होती तेही सांग. कुत्र्यांचं डायलिसिस देशात मोजक्या ठिकाणी होतं, आणि तेसुद्धा किडनी अचानक बंद पडली, पुन्हा चालू होण्याची आशा आहे, अशा वेळी. जुनाट आजारात आयुष्यभर कोण करणार?

मावशी: मी डायलिसिस कुठे मागितलंय? मी आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची बाटली मागते. अर्धा लिटरची बाटली शंभर रुपयांच्या आत येते. कातडीखाली सोडायची, शिरेत नाही. तूच शिकवलंस.

भाऊ: शिकवलं, कारण तेव्हा तो हिंडता-फिरता होता. आता तू ते थांबवायला तयार नाहीस.

मावशी: एकनाथांनी कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, तेव्हा त्याची किती वर्षं उरलीत ते विचारलं नव्हतं.

भाऊ: ते गाढव तहानलेलं होतं, मावशी. पाणी प्यालं आणि उठून चालू लागलं. ते बरं होण्यासारखं होतं.

मावशी: आणि खंड्याला दुसरं काय झालंय? तहानच तर लागली आहे. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, जेवढं पितो तेवढं वाहून जातं. पितो आणि कोरडाच राहतो. बाटली दिली की दोन-तीन तासांनी उठून ताटलीपाशी येतो.

इथे मावशीची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर आहे. ती बाटली आधी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवते आणि मनगटावर दोन थेंब सोडून बघते. थंड पाणी कातडीखाली गेलं की कुत्रा शहारतो. बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगते, नळीतली हवा काढते. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलली की खाली खोबणी तयार होते, तिच्यात १८ नंबरची सुई जाते. खंड्याचं वजन १८ किलो. त्याला एका वेळी साडेतीनशे मिली सांगितलं आहे, एक दिवसाआड. पाठीवर पाण्याचा फुगवटा येतो, हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. हे प्रमाण दुसऱ्या कुत्र्याला चालेलच असं नाही. हृदय दुबळं असेल तर हेच पाणी छातीत साठतं, म्हणून झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर गेले तर बाटली बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि साखरेची, म्हणजे डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली द्यायची नाही. औषधाच्या दुकानात आरएल संपलं की 'हीच घ्या, सारखीच आहे' म्हणून ती हातात देतात. ती सारखी नसते. वापरलेल्या सुया मावशी जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करते आणि रुग्णालयाच्या कचऱ्यात पोहोचवते; कचरा वेचणाऱ्या बायांचे हात तिने ड्रेसिंग करताना पाहिले आहेत.

भाऊ: तुझ्या हाताला मी नावं ठेवत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. माणसाला सुई टोचताना तू सांगत होतीस, जरा दुखेल, मग बरं वाटेल. खंड्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी, ज्या बाईवर त्याचा जीव आहे तीच दर दोन दिवसांनी टोचते. का, ते त्याला कधीच कळणार नाही.

मावशी: बाटली गजाला अडकवली की तो आपणहून येऊन गोधडीवर पडतो. सुई निघाली की तुपाचं बोट चाटायला मिळतं, हे त्याला ठाऊक आहे.

भाऊ: ती सवय झाली. सवय म्हणजे होकार नव्हे. बैलसुद्धा आपणहून जोखडाखाली मान घालतो.

मावशी: बरं, मग माझा नियम ऐक. उठला तर सुई काढायची. अर्धी बाटली गेलेली असो, नाहीतर नुसती टोचलेली असो. धरून ठेवायचं नाही, पट्टा अडकवायचा नाही, दार लोटायचं नाही. त्या दिवशीचं तेवढंच. बरेचदा तासाभराने तोच परत येतो. वॉर्डात मला असं करता आलं नाही रे. सुई उपसून काढतात म्हणून म्हाताऱ्या माणसांचे हात पलंगाला बांधून सलाइन चालवलेलं मी पाहिलंय. मी स्वतः बांधलेत.

यावर भाऊ गप्प राहिला. मीही. जनावरांच्या उपचारात मर्जी हा विचार आम्ही दोघांनीही कधी केला नव्हता. गोठ्यात तो करताही येत नाही. म्हैस दावणीला बांधूनच इंजेक्शन द्यावं लागतं. पण घरात, गोधडीवर, एका कुत्र्यापुरता करता येतो. कुठल्या दवाखान्यात मिळत नाही ती ही एक गोष्ट घरच्या शुश्रूषेत असू शकते, असं माझं मत त्या दिवशी झालं.

नंतर गाडी जेवणावर आली, आणि जेवणावर ही दोघं खरी भांडतात.

भाऊ: मागच्या वेळी मी आलो तेव्हा ताटलीत बांगड्याचं डोकं होतं.

मावशी: होतं. आदल्या दिवशी त्याने काही खाल्लं नव्हतं.

भाऊ: मावशी, मासळीचं डोकं म्हणजे हाडं, आणि हाडं म्हणजे फॉस्फरस. किडनीला तो बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतो, उरलेली किडनीही पोखरतो. सुकट, बोंबील, कलेजी, हाडांचं पाणी, सगळं त्याच रांगेतलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००२ साली ३८ कुत्र्यांवरचा अभ्यास छापला. सगळ्यांना हाच जुनाट आजार. काहींना किडनीसाठी बनवलेलं कमी फॉस्फरसचं खाणं, बाकीच्यांना नेहमीचं. नेहमीच्या खाण्यावरच्यांचं मध्यमान आयुष्य १८८ दिवस निघालं, दुसऱ्यांचं ५९४. दुसऱ्या कुठल्या औषधाने एवढा फरक पडलेला मला माहीत नाही.

मावशी: ते खाणं मी आणलं. वास घेतला आणि तोंड फिरवलं. कोकणातलं कुत्रं ते, मासळी बाजारात वाढलेलं. त्याला ते खाणं वाटतच नाही. मग भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा, उकडून पाणी फेकलेली थोडी कोंबडी, दुधी, वर चमचाभर तूप. हे चार दिवस खातो, पाचव्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी काय करू? त्या ५९४ दिवसांतला एक दिवस त्याने उपाशी काढायचा का?

भाऊ: आधी उलटीचं औषध. मळमळत असताना चांगलं अन्नही नाकासमोर धरायचं नाही, कारण ज्या अन्नाच्या वासाबरोबर मळमळ झाली ते अन्न तो कायमचं सोडतो. किडनीचं खाणं त्याने नाकारलं ते बहुतेक म्हणूनच. आपण ते नेमकं वाईट दिवशी पुढे ठेवलं. मळमळ थांबली की पुन्हा बघ, चिमूटभर भातात मिसळून.

मावशी: आणि मळमळ थांबूनही नाही खाल्लं तर?

भाऊ: तर दे बांगडा. मांसाचा तुकडा, डोकं नको. आणि फॉस्फरस बांधणारी पूड त्याच घासात कालव. रिकाम्या पोटी दिलेली फुकट जाते. योग्य खाणं न खाणाऱ्या कुत्र्यापेक्षा चुकीचं का होईना, खाणारा कुत्रा बरा. हे मी मान्य करतो. पण ते पाचव्या दिवसाचं राहू दे, रोजचं करू नकोस.

मावशी: शेजारची म्हणत होती, गोखरूचा काढा दे.

भाऊ: नको. कुत्र्याच्या या टप्प्यात त्याचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि कडू काही तोंडात गेलं की जे दोन घास जातात तेही जाणार. आणि तुझी गुडघेदुखीची गोळी त्याला लंगडताना बघून कधीही देऊ नकोस. तसलंच वेदनाशामक, डायक्लोफिनॅक, दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या आणि आपल्या आकाशातून ती दिसेनाशी झाली. २००६मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर फार उशीर झाला होता. तुमच्याच चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांना विचार, गिधाडांचं एकेक घरटं राखायला किती कष्ट पडतात ते.

मावशी: रक्तदाबाची मात्र माझीच गोळी चालते त्याला.

भाऊ: अ‍ॅम्लोडिपिन चालतं, त्याच्या मात्रेत, दाब मोजून. १६०च्या वर राहिला तर डोळ्यांचा पडदा सुटून कुत्रा एका रात्रीत आंधळा होऊ शकतो. आणि मनुके, द्राक्षं, चिंचेची आमटी यातलं काही नको. त्यांतल्या टार्टारिक आम्लाने, असं मानतात, धडधाकट कुत्र्याचीही किडनी बसू शकते.

मला वाटलं होतं की भाऊ तत्त्वावर अडेल. तो अडला पैशांवर, आणि ते ऐकायला मला जड गेलं, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

भाऊ: आता स्पष्ट बोलतो. खंड्याचं हे कशाने झालं? तेव्हा ताप, कावीळ, लघवीचा रंग, म्हणजे लेप्टो, लेप्टोस्पायरोसिस असणार. गोचीडतापानेही किडनी खराब होते, त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण पुरानंतरच्या गाळात लेप्टोच आधी मनात येतो. त्याची लस आहे. सगळ्या प्रकारांवर चालत नाही, दरवर्षी द्यावी लागते, पण आहे. नसबंदीच्या मोहिमेत कुत्र्यांना रेबीजची लस मिळते, लेप्टोची नाही. तू खंड्यावर महिन्याला जे घालवतेस त्यात तुझ्या अख्ख्या आळीतल्या कुत्र्यांना ती देऊन होईल. त्यांतला एखादा पुढचा खंड्या होणार आहे.

मावशी: म्हणजे याच्या तोंडचं काढून त्यांना देऊ?

भाऊ: तसं नाही म्हणत.

मावशी: तसंच म्हणतोस. आणि चूक आहे असंही मी म्हणत नाही. पण मी काही संस्था नाही, बाळा. आळीतल्या सगळ्या कुत्र्यांचा हिशोब तुझ्या खात्याने करायचा, नगरपरिषदेने करायचा. त्यासाठी तुम्ही माझ्याकडे पैसे मागा, मी वेगळे देईन, निवृत्तिवेतनातून देईन. हा माझ्या जिन्याखाली आला. एकदा आत घेतल्यावर त्याला 'तुझ्या पैशांत पाच जण वाचतील, तू नीघ' असं सांगणारी मी कोण? वॉर्डात कुणी असं बोललं असतं तर तुम्हीच मोर्चा काढला असता.

भाऊ: वॉर्डातही खाटा मोजूनच असतात.

मावशी: असतात. पण खाटेवरच्याला कुणी उठवत नाही.

हा मुद्दा इथेच राहिला. माझ्या मते दोघांनाही उत्तर सापडलं नाही. मावशीने मात्र लशीचे पैसे वेगळे काढून ठेवले. भावाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे ती स्वतःच म्हणाली. पहिल्या लशीनंतर काही आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते, आणि रस्त्यावरचं कुत्रं दुसऱ्यांदा हाती लागणं हेच अवघड काम आहे.

लघवीबद्दल त्यांचं दुमत नाही. लेप्टोच्या संशयाने खंड्याला डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण कोर्स दिलेला असला तरी मावशी रबरी हातमोजे घालूनच फरशी पुसते, ब्लीचिंगच्या पाण्याने. २००५च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने माणसं गेली ते तिला आठवतं, आणि गाळात उतरणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची गोळी वाटायचं काम तिने केलं आहे. घरात ओलं होतं म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. असा कुत्रा एका रात्रीत कोरडा पडतो आणि सकाळी दवाखान्यात न्यावा लागतो. जाड गोणपाट अंथरा, सकाळी धुवा.

शेवटी ते बोलणं निघालं, जे टाळायला बाकीचं सगळं चाललं होतं की काय असं मला वाटतं.

भाऊ: तुझा नियम मला आवडला. उठला तर सुई काढायची. म्हणजे तूही थांबण्याची खूण मानतेस. रोजच उठायला लागला तर थांबशील?

मावशी: थांबेन.

भाऊ: आणि उठताच आलं नाही तर?

मावशी: म्हणजे?

भाऊ: चौथ्या टप्प्यात अंगात रक्त राहत नाही. रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक किडनीच बनवते. स्नायू झडतात. तेव्हा तो गोधडीवर निपचित पडून राहील, तू सुई टोचशील, तो हलणार नाही. तुला वाटेल, बघा, कसा शहाण्यासारखा घेतोय. तुझा नियम जिथे सगळ्यात जास्त लागणार, नेमका तिथेच तो चालणार नाही.

मावशीने याला बराच वेळ उत्तर दिलं नाही. ती उठून खंड्याच्या तोंडातले व्रण औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून आली. तिच्या नियमातलं हे भोक तिला दिसलं नव्हतं असं नाही, असं मला आता वाटतं. ते दुसऱ्या कुणी बोलून दाखवणं वेगळं.

मावशी: मी कुणाला मारण्यासाठी सुई भरलेली नाही आजवर. त्याला त्याच्या मरणाने, माझ्या मांडीवर जाऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं.

भाऊ: किडनीचं मरण मांडीवर झोपल्यासारखं येईलच असं नाही. उलट्या, तोंडभर व्रण, अंगाला झटके, कधी फिट. काही दिवस चालतं ते. मी पाहिलंय, तू माणसांत पाहिलंयस. गाय अशी पडली की शेतकऱ्याला काही करता येत नाही, तिच्याजवळ बसून राहतो आणि मला फोन करतो, डॉक्टर, काहीतरी करा. इथे करता येतं. असाध्य आजार पशुवैद्याने पाहून ठरवला तर कायदाही आड येत नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो गाढ झोपतो. मग शिरेतून दुसरं. त्याला दोन सुया कळत नाहीत, पहिलीच कळते, तीही कातडीखालची, रोजच्यासारखी.

मावशी: मग खुणा ठरव. उठण्यावर सोडायचं नाही ना, मग दुसऱ्या ठरव. आत्ता, तो बरा आहे तोवर. त्या दिवशी माझ्या डोक्याला काही सुचणार नाही.

भाऊ: तूच सांग, तू रोज बघतेस. तो काय काय करतो जे त्याला मनापासून हवं असतं?

मावशी: सकाळी दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की फाटकापर्यंत जातो. तूप चाटतो. बांगडा ओळखतो, पिशवीतूनच. आणि मी आंघोळीला गेले की दाराशी येऊन बसतो.

भाऊ: कॅलेंडरवर रोज लिही. यातलं काय केलं, काय नाही. उलटीचं औषध चालू असताना दोन दिवस बांगड्यालाही तोंड लावलं नाही, फाटकापाशी गेला नाही, आणि पडल्या जागी लघवी झाली, तर मला फोन. क्रिएटिनिन तेव्हा चार असो की नऊ.

मावशी: रविवार असला, गणपती असले, तरी?

भाऊ: तरी. मी गोठ्यात अडकलो असेन तर इथल्या डॉक्टरांना आजच सांगून ठेवतो. ते घरी येतात.

मावशी: आजच सांग. आणि शनिवारी रक्त घ्यायला ये. नुसतं क्रिएटिनिन नको, फॉस्फरस आणि हिमोग्लोबिनही बघ. उपाशीपोटी लागेल ना?

भाऊ: हो. आदल्या रात्रीचं जेवण लवकर दे. पाणी मात्र असू दे.